कोपरातून ऐकलेली गिटार

पेपर तपासताना मला गाणी चालत नाहीत. म्हणजे शब्द असलेली. मराठी गाणं लागलं की मी त्याच्या शब्दांत शिरते, हिंदीचंही तसंच, आणि इतकी वर्षं सीमेपलीकडच्या या तेलुगू जिल्ह्यात मास्तरकी केल्यावर तेलुगूसुद्धा आता कानावरून नुसती वाहून जात नाही. एकदा एका पोराच्या निबंधाखाली शेरा म्हणून मी चक्क गाण्यातली ओळ लिहून ठेवली होती. तेव्हापासून बिनशब्दांचं काहीतरी शोधायला लागले. बासरी लावली तर झोप यायची. संतूर लावलं की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं. मग एके दिवशी एक गाणं संपल्यावर फोननंच आपणहून गिटार लावली.

ती जॅझ गिटार होती हे मला पडद्यावरचं नाव वाचून कळलं. जॅझ म्हणजे हॉटेलातला धांगडधिंगा अशी माझी समजूत होती. इथे तर एक माणूस आपल्याशीच बोलल्यासारखा वाजवत होता. सूर कुठे जाणार ते सांगता यायचं नाही, पण जिथे जायचा तिथे घाई न करता जायचा. मागे एक जाड आवाजाचं मोठं वाद्य धीम्या पावलांनी चालत होतं, आणि कुणीतरी ताशावर केरसुणी फिरवावी तसा हलका आवाज. त्या रविवारी माझे सातवीचे सगळे पेपर जेवायच्या आधी तपासून झाले.

आमच्या यांना ते कधी पटलं नाही. आमचं शहराबाहेर दोन एकर भाजीचं रान आहे. हे सकाळी रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, भाजी घेऊन जातात, दुपारी घरी येतात. आले की दारातच विचारायचे, "काय वं, तो माणूस अजून तारा जुळवूनच राह्यला का? गाणं कधी सुरू करते?"

"हेच गाणं हाये."

"असं?" म्हणायचे आणि हातपाय धुवायला जायचे.

अशी तीनेक वर्षं गेली. एक अल्बम माझा इतका लाडका झाला की तो लावल्याशिवाय लाल पेन हातात धरवत नसे. आणि मग एका थंडीतल्या रविवारी तो लावला, तर गिटार रजईखालून वाजल्यासारखी आली. जाड वाद्य नुसतं घुमत होतं. केरसुणीचा आवाज तर नव्हताच. मी इअरफोन काढून पुसले, उलटे लावले, दुसरे आणले. काही फरक नाही. दोन्ही कानांत काहीच स्वच्छ येईना.

मी फोन बंद केला आणि पेपर बाजूला सारले. त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या माहेरी बायकांचे कान टिकत नाहीत. आईला पंचेचाळिशीनंतर हळूहळू ऐकू येईनासं झालं आणि शेवटची दहाबारा वर्षं ती हातवाऱ्यांवर जगली. मावशीचं तसंच झालं. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी असलेली ताई तलमडुगुकडच्या एका गावात, कापूस आणि ज्वारीच्या घरात दिलेली. तिला चाळिशीपासूनच त्रास सुरू झाला आणि आता तर तिच्यासमोर उभं राहून बोलावं लागे. "आपल्या घरच्या बायकांचे कान पन्नाशी पाहत नाहीत," असं मामा म्हणायचे, जसं कुणी म्हणावं की आमच्याकडे केस लवकर पिकतात. आणि मी सेहेचाळिशीत होते.

कुणाला सांगितलं नाही. वर्गात मात्र माझं लक्ष शिकवण्यापेक्षा ऐकण्याकडे राहू लागलं. मागच्या बाकावरची कुजबुज येते का? पंख्याची करकर येते का? येत होतं सगळं. पण माझी खात्री पटेना. बोलणं माणूस अंदाजानं भरून काढतो. "टीचर, पाणी" एवढं ऐकलं की बाकीचं आपलं आपण जोडतो. ताईही कितीतरी वर्षं असंच जोडत आली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. सुराचं तसं नाही. पुढे कुठला सूर येणार ते ठाऊक नसतं, म्हणून अंदाजाची लबाडी चालत नाही. मला वाटलं, ज्याच्या आवाजाबद्दल कुणाला शंका नाही असं काहीतरी ऐकायला मिळालं, तर कळेल की बिघाड कुठे आहे. तिथे, की माझ्यात.

म्हणून मी शोधायला लागले. चांगलं वाजवलेलं नव्हे, चांगलं रेकॉर्ड केलेलं. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे तोवर मला माहीतच नव्हतं. इंटरनेटवर इंग्रजीत तेवढं एक वाक्य टाकलं, तर जगभरातली माणसं त्यावरच भांडत बसलेली दिसली. एकजण एका अल्बमबद्दल लिहितो, डोळे मिटले की वादक खोलीत येऊन बसतो. खाली दुसरा लिहितो, खोलीत नाही, पत्र्याच्या डब्यात बसतो. तिसरा दोघांनाही मूर्ख म्हणतो. मला गंमत वाटली. आमच्या बाजारात तुरीच्या डाळीवरून असंच चालतं.

त्यांनी नावं घेतलेले अल्बम मी एकेक करून लावू लागले. शाळेतून आल्यावर, स्वयंपाकाआधी. काही फार जुने होते. त्यांत गिटार एका कानात कोंबलेली आणि ड्रम दुसऱ्या कानात, मध्ये रिकामं. घराच्या दोन टोकांना बसून दोघं वाजवताहेत तसं. तसला अल्बम लागला की मी घाबरून इअरफोनची अदलाबदल करायची. दुसऱ्या कानात तोच आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. एक अल्बम लोकांसमोर वाजवलेला होता, त्यात ग्लास आणि हसणं गिटारपेक्षा जास्त ऐकू यायचं. एकात घुमारा इतका ओतला होता की सूर संपायच्या आत दुसरा सूर त्यावर येऊन पडायचा. आणि काहींमध्ये जुना आवाज नव्यानं मोठा करून ठेवला होता. तो ऐकून कान दुखायचे आणि माणूस कुठेच सापडायचा नाही.

"अवं, काऊन एकेक मिनिट लावून बंद करून राह्यली?" यांनी विचारलं. "भेंड्या निवडल्यासारखं."

"कवळी पाह्यजे मले," मी म्हटलं.

ती सापडली संक्रांतीच्या सुटीत. फक्त दोघांचा अल्बम होता, गिटार आणि ते जाड वाद्य, ज्याला डबल बेस म्हणतात हे आता मला कळलं होतं. मी इअरफोन घातले, लावलं, आणि जागच्या जागी थांबले. गिटारवाला जरा उजवीकडे बसलेला होता. बोट तारेवरून सरकलं की बारीक कुरकुर यायची. बेसचं लाकूड ऐकू येत होतं, नुसता आवाज नव्हे, लाकूड. मध्येच कुणीतरी श्वास घेतला. डाव्या कानात, उजव्या कानात, दोन्हीकडे सगळं पाण्यासारखं नितळ. मी तो पहिला तुकडा पुन्हा लावला आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

पण मग माझ्या लाडक्या अल्बमला काय झालं? तो पुन्हा लावला, तर तीच रजई. आता मात्र मला भीतीपेक्षा राग आला. मी त्याच नावानं नीट शोधलं, तर तोच अल्बम दोनदा होता. चित्र तेच, गाणी तीच. एकाच्या चित्राचा कोपरा जरा फिकट. फिकट कोपऱ्याचा लावला, आणि केरसुणी फिरली! अगदी पहिल्यासारखी. कुठेतरी, कुणीतरी माझ्या फोनमधला चांगला अल्बम काढून त्याच्या जागी मळकी नक्कल ठेवली होती, आणि इकडे मी महिनाभर माझ्या कानांचं सुतक पाळत होते.

मी हसत हसत यांना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. यांना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुह्ये कान नाई, त्या गाण्याचेच कान गेले होते."

"हो."

"तरी एकदा दाखवून घे. महिनाभर एकटीच घाबरत बसली, सांगाचं नाई का?"

पुढच्या रविवारी ताई आली. ती बाजाराच्या कामानं आली की दुपार माझ्याकडे काढते. ताईबद्दल एक सांगायचं राहिलं. ऐकू न येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. ताईचं उलटं होतं. तिचा आवाज दर वर्षी बारीक होत गेला होता. लोक तिला गरीब स्वभावाची म्हणायचे. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे घरात हाक मारली तर तिला ऐकू यायचं नाही, पण खडखडणाऱ्या बसमध्ये शेजारची बाई काय बोलली ते बरोबर कळायचं. यावरून तिची सासू तिला सरळ सोंगाडी म्हणायची. "सोताच्या मतलबाचं ऐकू येते," म्हणायची. ताई कधी भांडली नाही. भांडायला समोरच्याचं ऐकू यावं लागतं.

त्या दुपारी टेबलावर मी छोटा स्पीकर ठेवला होता आणि तोच दोघांचा अल्बम चालू होता. समोर ताई मेथी निवडत होती. निवडून झाल्यावर तिनं टेबलावर कोपर टेकला, मूठ जबड्याखाली धरली आणि तशीच बसून राहिली. मी पेपर तपासत होते. थोड्या वेळानं पाहते तर तिच्या दुसऱ्या हाताचं बोट टेबलावर ताल धरत होतं. बरोबर तालात.

"हे जाडजाड वाजून राह्यलं, ते काय हाये वं?" ताईनं विचारलं.

माझा पेन थांबला. आमच्या दारावरची बेलही तिला ऐकू येत नसे.

मी तिच्या समोर होऊन विचारलं, "तुले ऐकू येते?"

तिनं नीट ऐकायला म्हणून मान वर केली आणि तिचा चेहरा पडला. "गेलं," ती म्हणाली. पुन्हा मूठ जबड्याखाली घेतली. "आलं." पुन्हा मान उचलली. "गेलं." मग आम्ही दोघी हसायला लागलो. मी तिला कोपर उचलू नको म्हणून सांगितलं आणि शोधून ठेवलेले सगळे अल्बम एकेक करून लावले. घुमाऱ्याचा लावला तेव्हा ती म्हणाली, "हे नुसतं गुरगुरते." ग्लास वाजणारा लावला, तर "काही कळत नाई." मळकी नक्कल लावली, तर नाक मुरडलं. आणि फिकट कोपऱ्याचा लावला तेव्हा म्हणाली, "हा माणूस चांगला हाये. एकेक बोलते." जे मी कानानं वेगळं केलं होतं, तेच तिनं कोपरानं वेगळं केलं.

मी तिला रात्री परत जाऊ दिलं नाही. सकाळी शाळेत रजा कळवली आणि दोघी कानाच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर तरुण बाई होती. तेलुगू घरातली, आमच्याशी हिंदीत बोलत होती. आधी तिनं मला छोट्या खोलीत बसवून तपासलं. कागद पाहून म्हणाली, "आपके कान एकदम अच्छे हैं, मॅडम. काऊन आए?" तो "काऊन" इतका आपला होता की मला हसू आलं. मग मी ताईचं सांगितलं. आईचं, मावशीचं, बसचं आणि शेवटी भीत भीत कोपराचं. मला वाटलं, हसेल. तिनं हातातला पेन खाली ठेवला.

ड्रॉवरमधून तिनं दोन दात्यांचा एक पोलादी चिमटा काढला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि तो घुमायला लागल्यावर ताईच्या कानासमोर धरला. ताईनं नकारार्थी मान हलवली. मग डॉक्टरनं तोच चिमटा दांड्याकडून कानामागच्या हाडावर टेकवला. ताईचे डोळे मोठे झाले. तिनं हात वर केला, जसा माझ्या वर्गातली मुलं उत्तर येत असलं की करतात.

"सुनाई दिया, अम्मा?"

ताईला प्रश्न ऐकू आला नव्हता, पण ती म्हणाली, "वाजते. अजून वाजून राह्यलं."

डॉक्टरीणबाईंनी नंतर कागदावर कानाचं चित्र काढून समजावलं. ऐकणारा आतला कान ताईचा ठीक होता. मधलं एक इवलंसं हाड, जे आवाज आत पोचवतं, ते बिजागरी अडकावी तसं अडकून बसलं होतं. म्हणून हवेतून आलेला आवाज दारातच थांबायचा आणि हाडातून गेलेला सरळ आत पोचायचा. काही घराण्यांत हे असतं, बायकांना जास्त. अशा माणसाला स्वतःचा आवाज आतून मोठा येतो म्हणून ते हळू बोलतात, आणि गलक्यात त्यांना घरापेक्षा बरं ऐकू येतं, कारण तिथे समोरचाच मोठ्यानं बोलत असतो. "ऑपरेशन से अक्सर ठीक होता है," ती म्हणाली. नागपूरच्या एका सर्जनचं नाव लिहून दिलं.

बाहेर बाकावर बसून मी हे सगळं ताईला मोठ्यानं, तुकड्या तुकड्यानं सांगितलं. आजूबाजूचे पेशंटही ऐकत होते. बसचं सांगितलं तेव्हा तिनं मला थांबवलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"म्हणजे सोंग नव्हतं," ताई म्हणाली. तिच्या त्या बारीक आवाजात. तिनं पदर तोंडाला लावला. मी पाठीवर हात ठेवला. मला आई आठवत होती. आईच्या कानामागे असा चिमटा कुणी कधी टेकवला नव्हता. घराण्याचेच कान म्हटल्यावर दाखवणार कुणाला?

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, आधी तयार होईनात. "कानात सुरी घालतील आनं उरलंसुरलंही जाईन," म्हणाले. यांनी त्यांना शेतावर गाठून काय समजावलं ते मला माहीत नाही, पण कापसाची शेवटची वेचणी उरकली आणि ते स्वतःच म्हणाले, "चला, नागपूरले जाऊ." मी सोबत गेले.

आधी एकाच कानाचं करायचं ठरलं. जागेपणीच करतात, फक्त कान बधिर करून. आत जाताना ताईनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. भाऊजी व्हरांड्यात येरझारा घालत होते. मी बसून होते आणि पहिल्यांदाच, काही लावून मन रमवावं असंही वाटत नव्हतं. मग दार उघडून नर्स आली आणि हसायलाच लागली. सर्जननं काम झाल्यावर ताईला विचारलं होतं, "बाई, ऐकू येतंय का?" नेहमीच्या आवाजात. आणि ताई म्हणाली होती, "ओरडता काऊन?"

भाऊजी मटकन बाकावर बसले. "असं म्हणली?" त्यांनी विचारलं. "तिनं कोणाले असं म्हणलं नाई आजपर्यंत." आणि डोळे पुसायला खिशात रुमाल शोधू लागले.

पुढचे काही दिवस कानात कापूस होता, चक्कर येत होती, मान हलवायची मनाई होती. कापूस निघाला तेव्हा तिला सगळंच जास्त वाटू लागलं. नळ जास्त, भांडी जास्त, कोंबड्या तर फारच जास्त. "एवढा गोंधळ घालते का ही दुनिया?" तिनं फोनवर मला विचारलं. फोनवर! सासूशी पहिल्यांदा ती बरोबरीनं भांडली, असं भाऊजींनी सांगितलं, आणि सांगताना ते तक्रार करत होते की कौतुक, ते कळलं नाही. म्हातारी मात्र आता जपून बोलते म्हणे.

दुसऱ्या कानाचं पुढच्या हिवाळ्यात करायचं आहे. माझं म्हणाल तर वर्षातून एकदा तपासून घ्यायला सांगितलंय, आणि मी जाते. कधी ना कधी माझंही ते हाड अडकेल कदाचित. पण आता तो विचार आला तरी छातीत धस्स होत नाही. वाट माहीत असली की अंधाराचं तेवढं भय राहत नाही.

परवाच्या रविवारी ताई आली होती. मी नवीन सापडलेला एक अल्बम लावला होता. त्या इंटरनेटवरच्या भांडखोरांनी फार वाखाणलेला. ताई उभ्याउभ्या ऐकून म्हणाली, "हा नाई चांगला. गिटारवाला दूर बसला हाये, आनं मधात कोनी तरी पडदा धरला." मी पुन्हा ऐकलं. खरंच होतं. मी तो बंद केला, दुसरा शोधू लागले आणि ताई चहा ठेवते म्हणून आत गेली.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. बाजारात न खपलेली वांगी उतरवता उतरवता हे नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चहा मिळन का?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. "ठेवलाच हाये. हात धुवून या."